डीएपीसोबत मायकोरायझाचं पाकीट : बुरशीचं काम खरं, पण पैसे कधी घालायचे?

पेरणीच्या तोंडावर खताच्या दुकानात ठरलेला संवाद होतो. शेतकरी डीएपीच्या दोन बॅगा मागतो. दुकानदार म्हणतो, "बॅगा आहेत, पण सोबत हे मायकोरायझाचं पाकीट घ्यावं लागंल. पांढरी मुळी जोरात सुटते." पाऊस येऊन बसलेला, वाफसा निघून चाललेला. वाद घालायला वेळ कुणाला? काही शे रुपये जास्तीचे देऊन शेतकरी गाडीला किक मारतो.

यालाच गावाकडं 'लिंकिंग' म्हणतात. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सगळ्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. अनुदानित खतासोबत नॅनो खतं किंवा बायोस्टिम्युलंट माथी मारणं ताबडतोब थांबवा, असं त्यात स्पष्ट सांगितलं होतं. देशात तीस हजारांच्या आसपास बायोस्टिम्युलंट उत्पादनं तपासणीशिवाय विकली जात होती, नियम कडक केल्यावर ती साधारण ६५० वर आली, असंही त्यांनी त्याच महिन्यात सांगितलं. पत्र निघालं, बातम्या झाल्या. पण दुकानाच्या काउंटरवर बॅग आणि पाकीट यांची जोडी सगळीकडं तुटलेली नाही.

या भानगडीत मायकोरायझाचं नाव बदनाम होतंय. काही शेतकरी त्याला थोतांड म्हणून मोकळे होतात, तर काही जण दर हंगामात डोळे झाकून टाकतात. दोघांचंही नुकसान आहे.

ही बुरशी आहे तरी काय?

मायकोरायझा म्हणजे पिकाच्या मुळात राहणारी उपयोगी बुरशी. मर किंवा मूळकूज आणणाऱ्या बुरशीपेक्षा ही वेगळी. 'मायकोरायझा' हा शब्द जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांनी १८८५ मध्ये वापरात आणला. नाव नवं असलं तरी सोयरीक जुनी आहे. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही ही बुरशी सापडली आहे. जमिनीवरच्या ७० ते ८० टक्के वनस्पतींशी तिचं नातं आहे.

व्यवहार साधा आहे. पीक पानात तयार केलेल्या अन्नातला काही वाटा बुरशीला देतं. बुरशी त्या बदल्यात केसापेक्षा बारीक तंतू मातीत लांबवर पसरते आणि स्फुरद, जस्त मुळापर्यंत आणून देते.

स्फुरदाचंच महत्त्व एवढं का? कारण नत्र पाण्याबरोबर वाहतं, स्फुरद जागेवरच बसतं. मुळाला लागून असलेल्या मातीतलं स्फुरद पिकानं उचललं की तिथं रिकामी जागा होते. थोड्या अंतरावर स्फुरद असतं, पण मुळाचा हात पोचत नाही. तो हात बुरशी लांब करते.

आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत हे जास्त लागू पडतं. डीएपीच्या ५० किलोच्या बॅगेत २३ किलो स्फुरद असतं. पण टाकलेल्या स्फुरदापैकी साधारण १५ ते २० टक्केच पहिल्या हंगामात पिकाच्या कामी येतं. बाकीचं चुन्याशी बांधलं जाऊन जमिनीत पडून राहतं. म्हणजे वर्षानुवर्षं डीएपी टाकणाऱ्याच्या रानात स्फुरदाचा साठा आहे, पण तो कुलपात आहे. बुरशी स्फुरद नव्यानं तयार करत नाही. जमिनीत आहे त्यातलंच जास्त गोळा करून देते. त्यामुळं 'हे टाका, खत बंद करा' असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

आणखी एक काम म्हणजे हे तंतू मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवतात. माती भुसभुशीत, कणीदार राहते, पाणी मुरतं.

मग पाकीट का चालत नाही?

पहिलं कारण पीक. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी ही एकाच कुळातली पिकं या बुरशीला मुळात थारा देत नाहीत. पालक आणि बीटही त्यातलेच. या पिकांना मायकोरायझा टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. उलट कांद्याला मुळं कमी आणि केसमुळं त्याहून कमी, म्हणून तो या बुरशीवर बराच अवलंबून असतो. मका, ज्वारी, सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस, हळद, मिरची, केळी, संत्रा, डाळिंब यांचंही तिच्याशी जमतं.

दुसरं कारण खुद्द डीएपी. पिकाला आयतं स्फुरद भरपूर मिळालं की ते बुरशीला अन्न देणं कमी करतं. घरात धान्य भरलेलं असताना कुणी मजूर लावून सरवा वेचत नाही, तसंच हे. म्हणजे डीएपीचा भरपूर डोस आणि त्याच सरीत मायकोरायझा ही जोडी शास्त्राच्या उलटी आहे. आणि लिंकिंगमध्ये नेमकी हीच जोडी गळ्यात मारली जाते.

तिसरं कारण वापरण्याची पद्धत. बीजाणू मुळाला लागला तरच उपयोग. रानात वरून फेकलेलं पाकीट उन्हात वाया जातं. पानावर फवारणं तर निव्वळ चूक. ठिबकमधून सोडतानाही अडचण आहे. मायकोरायझाचे बरेच बीजाणू आकारानं मोठे असतात. ठिबकच्या फिल्टरची जाळी साधारण १२० ते १३० मायक्रॉनची असते, त्याहून मोठे बीजाणू जाळीतच अडकतात. त्याच आठवड्यात कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाची आळवणी केली तर उरलेलंही संपतं.

टाकल्यावर उत्पन्न वाढतंच का?

स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी मक्याच्या ५४ शेतांत ही बुरशी टाकून पाहिली. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. काही शेतांत पिकाची वाढ ४० टक्क्यांपर्यंत जास्त भरली, काही ठिकाणी फरकच पडला नाही आणि काही शेतांत वाढ १२ टक्क्यांपर्यंत घटली. बुरशी तीच, मातीतली जीवसृष्टी वेगळी, म्हणून निकाल वेगळा. जिथं मातीत रोगकारक बुरशी जास्त होती तिथं फायदा जास्त दिसला. म्हणजे शेजाऱ्याच्या रानात चाललं म्हणून आपल्या रानात चालेलच असं नाही.

एक गोष्ट मात्र नक्की, माती निर्जीव केली की बुरशीची किंमत कळते. अमेरिकेत लिंबूवर्गीय रोपवाटिकांची माती रोगासाठी विषारी धुरीनं निर्जंतुक केली जायची. नंतर रोपं खुरटायला लागली. मातीतली मायकोरायझा मेल्यामुळं हे होतंय, असं १९७२ मध्ये दाखवून दिलं गेलं. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये तर काळ्याच जमिनीत असं घडलं. जमीन वर्षभरापेक्षा जास्त पडीक ठेवून पेरलेलं पीक पिवळं, खुजं राहू लागलं. पीक नाही, तण नाही, मग बुरशीला खायला कोण देणार?

यातून रोपवाटिकेचा धडा मिळतो. प्रो-ट्रेमधली मिरची, टिश्यूकल्चरची केळी, कलमाची संत्रा-डाळिंबाची रोपं निर्जंतुक माध्यमात वाढतात. तिथं बुरशी नसते. पाकिटाचा खर्च वसूल व्हायची शक्यता इथं सगळ्यात जास्त. मालही थोडा लागतो, मुळालाही लागतो. चालत्या रानात, जिथं दरवर्षी दोन पिकं निघतात, तिथं गावरान बुरशी आधीच असते. तिला जगवणं स्वस्त पडतं. त्यासाठी नांगरट गरजेपुरती करायची, रान उघडं ठेवायचं नाही, पाचट-काडीकचरा जाळायचा नाही आणि स्फुरद माती परीक्षण बघूनच द्यायचं. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात, पण त्यात बुरशीचा रकाना नाही. स्फुरदाचा आकडा मात्र असतो. तो 'जास्त' असेल तर मायकोरायझाचं पाकीट घ्यायची घाई नको.

पाकिटावर काय बघायचं?

मायकोरायझा खत नियंत्रण आदेश १९८५ खाली जैविक खतात मोडतो. ह्युमिक, समुद्री शेवाळाचा अर्क हे बायोस्टिम्युलंटमध्ये येतात. बऱ्याच पाकिटांत पांढरी मुळी दिसते ती ह्युमिकची करामत असते. खरी बुरशी मुळाच्या आत असते आणि मुळाला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. त्यामुळं प्रतिग्रॅम किती जिवंत बीजाणू, बॅच नंबर आणि अंतिम तारीख हे पाकिटावर छापलेलं हवं. उन्हात, पत्र्याखाली ठेवलेला माल घेऊ नये.

पक्कं बिल घ्यायचं आणि त्यावर बॅग व पाकीट वेगवेगळं लिहून घ्यायचं. पाकिटाशिवाय बॅग देत नसेल तर त्या बिलासकट पंचायत समितीचे कृषी अधिकारी किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार करता येते. तोंडी तक्रारीचा कागद होत नाही आणि कागद नसला की चौकशीही होत नाही.

आणि घेतलंच पाकीट, तर सगळ्या रानात टाकू नये. मधली सहा-सात तासं तशीच सोडायची, खुणेला काठ्या रोवायच्या. काढणीला दोन्हीकडचा माल वेगळा मोजायचा. वजनकाट्यावर फरक निघाला तर पुढच्या साली शेतकरी आपण होऊन पाकीट मागेल. नाही निघाला, तर दुकानदाराला काय उत्तर द्यायचं ते त्याच्याकडं आकड्यात असेल.