यजमानाचा हिशेब

संगमनेरच्या बसस्थानकावर रेल्वेचा विषय काढावा आणि खोडदच्या दुर्बिणीचा उद्धार ऐकून घ्यावा, असे सध्याचे दिवस आहेत. पुणे-नाशिक रेल्वे नारायणगाव, संगमनेर या वाटेने येणार म्हणून आमच्या तालुक्याने वर्षानुवर्षे डोळे लावून वाट पाहिली. २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी सांगितले, की हा मार्ग दुर्बिणीच्या कामाला बाधक ठरतो. आणि अहिल्यानगर-शिर्डीचा मार्ग पुढे आला. ‘‘त्या ताटल्यांनी आमची गाडी खाल्ली,’’ ओळखीचे एक कांदा-व्यापारी मला म्हणाले. ‘‘आणि बघतात काय, तर कृष्णविवर! आपल्याला त्याचं काय?’’

ज्याचे गेले आहे त्याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. म्हणून त्याचे उत्तर कुचेष्टेने देऊ नये.

खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्या सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली, कारण इथे डोंगरांचा आडोसा होता आणि शहरी गोंगाट दूर होता. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी अतिशय क्षीण असतात. विजेच्या गाडीच्या ठिणग्यांतूनही रेडिओ लहरीच निघतात. त्या कल्लोळात आकाश ऐकायचे, म्हणजे वरातीत उभे राहून शेजारच्या गल्लीतल्या आजारी माणसाचा श्वास ऐकण्यासारखे आहे.

या शांततेत ऐकायचे तरी काय? बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी एक प्रचंड कृष्णविवर असते. आपल्या आकाशगंगेतले सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे आहे, तरी ते बुधाच्या कक्षेत आरामात मावेल. आकाशगंगा मात्र सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद. आपले हे विवर सध्या निवांत आहे. पण काही दीर्घिकांत विवरावर वायू कोसळत राहतो, तापतो, आणि ते केंद्र साऱ्या दीर्घिकेहूनही तेजस्वी होते. त्याला सक्रिय केंद्र म्हणतात आणि भोवतालच्या दीर्घिकेला यजमान दीर्घिका. हा ‘यजमान’ शब्द मला फार आवडतो.

२००० साली दोन शास्त्रज्ञगटांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. यजमान दीर्घिकेच्या मध्यावरच्या फुगवट्यातले तारे जितक्या वेगाने फिरतात, तितके तिचे विवर वजनदार असते. यातले बहुतेक तारे विवराच्या ओढीपासून खूप दूर असतात. मग त्यांना त्याचे वजन कसे ठाऊक? त्याचे बहुधा खरे असलेले उत्तर असे, की दोघे एकमेकांच्या सोबतीने वाढले. यजमान वायू पुरवतो. केंद्र त्यातले थोडे गिळते आणि बरीच ऊर्जा बाहेर फेकते. त्या ऊर्जेने वायू तापतो किंवा उधळला जातो. थंड वायूशिवाय तारे जन्मत नाहीत, आणि केंद्रालाही पुढचा घास मिळत नाही. अति झाले की दोघांचीही उपासमार!

याचे एक नवलाचे उदाहरण आपल्याच परिसरातून पुढे आले. पुण्याच्या ‘आयुका’तले जयदीप बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये खोडदची दुर्बीण आणि ‘आयुका’ची गिरवलीची दुर्बीण वापरून एका सर्पिल दीर्घिकेचा अभ्यास जाहीर केला. तिच्या केंद्रातून निघालेले झोत ५० लाख प्रकाशवर्षांपर्यंत पसरले आहेत. असे अजस्र झोत सहसा लंबगोल दीर्घिकांत दिसतात. सर्पिल दीर्घिकेत ते अपवादच. पुढच्या निरीक्षणांत दिसले, की तिच्याजवळ वायू भरपूर आहे, पण नवे तारे फारच थोडे जन्मत आहेत. केंद्राच्या उधळपट्टीने घरातला पाळणा थांबला आहे.

बँकेत असताना शाखांचा एक आकडा मी आधी पाहत असे: गावातून ठेवी किती घेतल्या आणि गावात कर्ज किती दिले. नुसत्या ठेवी गोळा करणारी शाखा कागदावर भरभराटीची दिसते आणि गाव मात्र वाळत जाते. उलट बेहिशेबी वाटणारी शाखा स्वतः बुडते आणि गावालाही बुडवते. खोडदची दुर्बीण हेही एक केंद्रच आहे. जुन्नर, संगमनेर, अकोले हे तिचे यजमान. तिला शांतता आम्ही देतो. मग परतफेड किती होते?

काही होते, हे मान्य केले पाहिजे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, खोडदला प्रदर्शन भरते आणि हजारो शाळकरी मुले तिथे येतात. पण वर्षातून एका जत्रेवर यजमानाचे समाधान करू नये. ज्या तालुक्यांनी रेल्वे गमावली, तिथल्या शाळांत वर्षभर या शास्त्रज्ञांनी यावे, मराठीत बोलावे, काय सापडले ते सांगावे. आणि सरकारने ‘दुर्बीण की गाडी’ असे भांडण लावून मोकळे होऊ नये. दुर्बिणीची शांतता राखून संगमनेरला रूळ कसे देता येतील, हे अभियंत्यांसमोर ठेवायचे गणित आहे; ते सुटेपर्यंत सोडवत राहावे.

दुर्बीण इथून हलवा म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी उभा राहणार नाही. अशी शांतता एकदा मोडली की पुन्हा विकत मिळत नाही. पण त्या व्यापाऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे काम मी एकट्यानेच बसस्थानकावर उभे राहून का करावे?