माप छातीचं, घोळ खांद्याचा

डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्या बायकांना कुर्ता कसा बसलाय हे आरशात कळत नाही, गाडीत कळतं. वरच्या कडीला हात घातला की सगळा कुर्ता काखेतून ओढला जातो आणि बाजूचा कट वर सरकतो. मग एका हातात कडी आणि दुसऱ्या हातात कुर्ता धरून दादरपर्यंत उभं राहायचं. माझी वीस वर्षं अशी गेली. मला शिवता येत होतं, माझे सगळे ड्रेस मी घरीच शिवत होते, आणि तरी दर नव्या कुर्त्याला मी तीच चूक करत होते: मुंढा आणखी खोल कापत होते.

बाही जिथे अंगाला जोडतात ती गोलाई म्हणजे मुंढा. हात उचलताना कापड अडतं, म्हणजे तिथे जागा कमी आहे, म्हणून अजून थोडं कापा, असं कुणालाही वाटेल. होतं उलटं. मुंढ्याचा तळ काखेपासून जितका खाली जाईल, तितकी बाही अंगाच्या कापडाला खाली जोडली जाते, आणि हात वर गेला की कमरेपर्यंतचं सगळं कापड बरोबर घेऊन जाते. तोच मुंढा काखेच्या बोटभर खाली थांबवला, तर हात वर जातो आणि कुर्ता जागेवर राहतो. आपल्या जुन्या शिंप्यांना हे पक्कं ठाऊक होतं. सरळ बाहीच्या सदऱ्यात ते काखेत चौकोनी तुकडा घालत, चौबगला म्हणतात तो. हात उचलायला लागणारी जास्तीची लांबी तो तुकडा देतो. चार बोटांचा तुकडा, पण केवढा विचार आहे त्यात!

या सदरात रफूवर लिहून झालं, गोधडीवर झालं, विणकामावर दोनदा झालं. शिवणावर लिहायचं मात्र मी टाळत आले, कारण शिवायला शिकवणारे गल्लोगल्ली आहेत. आज जे लिहितेय ते शिवण्याबद्दल नाही, फिटिंगबद्दल आहे. सरळ टीप मारायला पंधरा दिवसांत येते. आपल्या अंगाला काय हवंय हे कळायला मला अर्धं आयुष्य लागलं, आणि त्याचं कारण माझ्या क्लासच्या वहीत होतं.

मी शिवण शिकले 1989 साली, दहावीनंतर. झबल्यापासून सुरुवात, मग परकर, फ्रॉक, साधं ब्लाउज, कटोरी ब्लाउज आणि सगळ्यात शेवटी पंजाबी ड्रेस. प्रत्येक कपड्याचं ड्राफ्टिंग वहीत काढायचं. छातीचं माप घ्यायचं आणि भागत सुटायचं: अंगाची रुंदी छातीचा चौथा भाग अधिक सैलपणा, मुंढा छातीचा सहावा भाग, गळ्याची रुंदी बारावा भाग. तीरा, म्हणजे एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, तोही छातीच्या मापासमोर तक्त्यात छापलेला. तेव्हा माझी छाती 32 होती आणि सगळे भागाकार मला बरोबर बसत. मला वाटलं, गणित बरोबर आहे.

पुढे दोन बाळंतपणं झाली, वय वाढलं, छाती 42 झाली. हाडं मात्र तीच होती. तक्ता 42 छातीला साडेपंधरा इंच तीरा सांगतो. माझा तीरा तेव्हाही 14 होता, आजही 14 आहे. बारावा भाग घेतला की गळा सात इंच रुंद होतो, माझ्या मानेला सहा-साडेसहा पुरे. सहावा भाग घेतला की मुंढाही उतरला. म्हणजे वाढलं होतं ते फक्त पुढच्या बाजूला, आणि मी मोठी करत होते मान, खांदे, पाठ, काख, सगळंच. खांदा दंडावर घसरायचा, गळा पुढे झोलायचा, पाठीवर पोळी लाटता येईल एवढं कापड जमायचं, आणि तरी छातीवर बटणं ताणलेली. मग मी बाजूच्या शिवणी आत घ्यायची. त्याने छाती आणखी आवळायची. किती चांगली सुती कापडं या फेऱ्यात वाया गेली त्याचं आजही वाईट वाटतं.

हे भागाकार आपल्या क्लासवाल्यांनी शोधलेले नाहीत. इंचांची टेप युरोपातल्या शिंप्यांच्या हाती साधारण 19व्या शतकाच्या सुरुवातीला रुळली, आणि एका छातीच्या मापावरून सगळा कोट आखण्याच्या पद्धती तेव्हाच निघाल्या. ते कोट पुरुषांचे होते. पुरुषाची छाती मोठी असते तेव्हा बहुतेक वेळा बरगड्यांचा पिंजराच मोठा असतो, त्यामुळे खांदाही मोठा, पाठही मोठी. बाईच्या बाबतीत हा हिशेब मोडतो. सारख्याच 40 छातीच्या दोन बायकांपैकी एक रुंद खांद्यांची, सपाट अंगाची असू शकते, आणि दुसरी चिमणीएवढ्या खांद्यांची, भरलेल्या छातीची. टेप दोघींना एकच आकडा सांगते.

अमेरिकेच्या शेती खात्याने 1939-40 मध्ये रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्याकडून जवळपास 15,000 बायकांची मापं घेतली होती, एकेकीची 59. तयार कपड्यांना आणि कागदी पॅटर्नना काहीतरी आधार मिळावा म्हणून. 1941 साली अहवाल आला, 1958 मध्ये त्यावर बेतलेलं प्रमाण ठरलं आणि 1983 मध्ये ते मागे घेतलं गेलं. आपल्याकडे निफ्टने ‘इंडियासाइज’ हे भारतीय अंगांच्या मापांचं मोठं काम हाती घेतलं. मुंबईसह सहा शहरांत 25,000 माणसं मोजायची, असं त्याचं स्वरूप. ते व्हायलाच हवं होतं. तोवर आपण दुकानांत ज्या एम, एल, एक्सएल चिठ्ठ्या वाचतो, त्यांत दोन कंपन्यांचं एल एकमेकांशी जुळत नाही. दुकानाच्या ट्रायल रूममध्ये तीन कुर्ते नाकारून बाहेर येणारी मुलगी स्वतःच्या दंडांना नावं ठेवते, पोटाला नावं ठेवते. हे पाहिलं की मला फार त्रास होतो. चूक कापडाच्या बेतण्यात असते आणि शिक्षा अंगाला होते.

माझी सुटका एका साध्या गोष्टीने झाली. छाती दोनदा मोजायची. एकदा नेहमीसारखी, सगळ्यात भरलेल्या ठिकाणी. आणि एकदा तिच्या वर, टेप काखेतून घेऊन, पाठीवर सरळ ठेवून, जरा घट्ट. हे वरचं माप हाडांचं आहे. खांदा, मान, पाठ, मुंढा त्याचं ऐकतात. बहुतेक तयार पॅटर्न या दोन मापांत दोन इंचांचा फरक धरून काढलेले असतात. माझं वरचं माप 37 आणि भरलेलं 42, म्हणजे फरक पाच. तेव्हा मी माझा ड्राफ्ट 42 चा काढत नाही, 37 अधिक 2, म्हणजे 39 चा काढते. तीरा तक्त्यातून न घेता अंगावर मोजते. उरलेले तीन इंच फक्त पुढच्या भागात घालते. पाठीला हातही लावत नाही.

ते घालायचे कसे, हे कागदावर करून पाहण्यासारखं आहे. पुढच्या अर्ध्या भागाच्या कागदावर छातीचं टोक खुणेने दाखवायचं. खालच्या काठापासून त्या टोकापर्यंत उभा काप घ्यायचा आणि तिथून वळून मुंढ्याकडे न्यायचा, पण अगदी शेवटचा धागाभर कागद सोडून, म्हणजे तो बिजागरीसारखा वळेल. बाजूच्या शिवणीकडूनही एक काप टोकापर्यंत आणायचा, टक्सच्या जागी. आता उभा काप दीड इंच उघडायचा. अर्ध्या भागात दीड, कापड घडीवर असल्याने पूर्ण पुढच्या भागात तीन. बाजूचा काप आपोआप फाकतो आणि तिथे टक्स तयार होतो. आतली बाजू खाली थोडी आखूड पडते, तिथे कागदाची पट्टी चिकटवायची. छातीवरून जाणाऱ्या कापडाला रुंदीबरोबर लांबीही जास्त लागते. ती न दिल्यामुळेच आपल्यातल्या कितीजणींचा कुर्ता पुढून वर उचललेला दिसतो. कमरेशी जास्त झालेलं कापड उभ्या टक्समध्ये घ्या किंवा सैल सोडा, ती आवड. मी सोडते.

हे एकदम चांगल्या कापडावर करायचं नाही. मांजरपाट आणायचा, स्वस्त असतो, त्यात कच्च्या टाक्यांनी अंग शिवायचं आणि घालून उभं राहायचं. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे वनपीस शिवायला शिकायला येत होती. मांजरपाट अंगावर चढवल्यावर ती म्हणाली, “काकू, सगळीकडे चुण्याच चुण्या आहेत, बिघडला ना?” मी तिला म्हटलं, त्या चुण्याच आपल्याला वाचायच्या आहेत. ताणलेली चुणी जिथून निघते तिथे कापड कमी असतं. ती बोट दाखवावं तशी त्या जागेकडे दाखवते. छातीच्या टोकाकडून मुंढ्याकडे रेघा येत असतील तर छातीला जागा हवी. दंडावर आडव्या रेघा असतील तर बाही अरुंद आहे. आणि ताण नसलेली, नुसती लोंबणारी घडी असेल तर तिथे कापड जास्त आहे. तिच्या पाठीत, कमरेच्या जरा वर, अशी एक आडवी घडी पडत होती. पाठीचा कणा तिथे आत वळलेला, त्यामुळे मधली लांबी जास्त होत होती. मी ती घडी चिमटीत धरून टाचण्या लावल्या: मधोमध पाऊण इंच, बाजूच्या शिवणीपाशी शून्य. तेवढंच कागदावर कमी केलं. तिचा एक खांदाही उतरता निघाला. उजव्या-डाव्या अंगाचे कागद वेगळे कापायला लावले तेव्हा तिला नवल वाटलं. एकाच बाजूला वर्षानुवर्षं सॅक अडकवणाऱ्यांच्या खांद्यांकडे नीट पाहा, म्हणजे नवल वाटणार नाही.

कापडाबद्दल थोडक्यात. सुती असेल तर कापण्याआधी भिजवून वाळवा, आटायचं ते आधीच आटू दे. उभा धागा सरळ धरा. पन्हा पाहून मीटर ठरवा. आणि माया ठेवा. शिवणीच्या आतल्या जास्तीच्या कापडाला माया हा शब्द कुणी दिला असेल ठाऊक नाही, पण मला तो आपल्या भाषेतल्या सर्वांत सुंदर शब्दांपैकी एक वाटतो. बाजूला आणि खांद्याला मी इंचभर माया ठेवते, गळ्याला आणि मुंढ्याला अर्धा इंच, गोलाईत जास्त ठेवली तर वळत नाही. तयार कपड्यात ओव्हरलॉकपाशी कापड संपलेलं असतं, तिथे उसवायलाही काही उरत नाही.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी आईचं नाव घेते. आई 81 वर्षांची आहे. आयुष्यभर नेसली साडीच, आणि साडी कुणाच्याही अंगाचं ऐकते; पाठ वाकली तर पदर थोडा लांब सोडायचा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर साडी सुटली आणि गाऊन आले. बाजारातून आणलेला प्रत्येक गाऊन ती दिवसभर पुढे ओढत बसायची. आम्हाला ती सवय वाटली. एका दुपारी मी तिच्यामागे उभी राहून वेणी घालत होते आणि दिसलं की गाऊनचा पुढचा गळा तिच्या घशावर टेकलाय. मागचा घेर पोटऱ्यांवर चढलेला, पुढचा पायात येतोय. ती ओढत होती कारण तिला गुदमरत होतं, आणि पुढे पायात अडकून ती पडलीही असती. पाठ वाकली की पाठीला कापड जास्त लागतं. ते मिळालं नाही की पाठ सगळा कपडा मागे ओढून घेते. आम्ही तिला पाच-सहा गाऊन आणून दिले होते आणि एकदाही तिची पाठ मोजली नव्हती.

मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत टेप धरली, पोकावरून. मग पाठीच्या कागदाला खवाट्यांच्या पातळीवर आडवा काप दिला, मुंढ्यापाशी बिजागरी ठेवली आणि मधोमध दीड इंच उघडला. जी गोलाई आली ती योक जोडून त्याखाली चुण्यांत बसवली. पुढे, जिथे तिची छाती आत गेलीय तिथे, अर्धा इंच घडी घालून कमी केला. पुढची बटणपट्टी पोटापर्यंत आणली, कारण तिचे हात आता डोक्यावर जात नाहीत. मऊ मलमल घेतली.

तो गाऊन घालून ती खाटेवर बसली, शेंगा सोलायला घेतल्या आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अगं, हा ओढावा लागत नाही.”

तिचा खाकी कागद माझ्या कागदांशेजारी खिळ्याला टांगलाय. माझ्या कागदांवर मी तारखा लिहिते: 1996 चा एक आहे, 2007 चा एक, 2019 चा एक, आणि तिन्हींवर तीरा 14 च आहे. आईच्या कागदावर दोनच तारखा आहेत, दोन्हींच्या मधे दहा महिने. गेल्या रविवारी न्हाऊ घालताना वाटलं, पाठ अजून जराशी वाकलीय. या आठवड्यात टेप लावून पाहीन. त्या कापाला बहुधा आणखी पाव इंच लागेल.