सव्वा महिन्यानंतर

भातकापणी उरकत आली की खानवेल परिसराला दिवाळीचे वेध लागतात आणि आम्हाला अंकाचे. कथा, कविता, व्यंगचित्रं, राशिभविष्य सगळं नेहमीप्रमाणे आहेच. यंदाचा विशेष विभाग मात्र बाळंतिणीच्या मनाविषयी आहे. ‘सणासुदीला हा कसला विषय?’ असं काहीजण विचारतील. पण दिवाळीला लेकी माहेरी येतात. कोणी पोटुशी, कोणी लेकरू कडेवर घेऊन. बोलायचं तर आत्ताच.

बाळंतिणीच्या लाडांत आपण कमी पडत नाही. शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे नि अळिवाचे लाडू. तेवढी ऐपत नसेल तिथे निदान नागलीची पेज. पण हे सगळं चालतं सव्वा महिना. मग लेक सासरी जाते, मदतीला आलेली आई-मावशी आपापल्या घरी परतते आणि शेतातली नाहीतर सेलवासच्या कंपनीतली कामं पुढे उभी राहतात. दवाखान्यात प्रसूती झाली असेल, तर आशाताईंच्या सहा गृहभेटी ठरलेल्या असतात. त्यातली शेवटची बेचाळिसाव्या दिवशी. त्यानंतरची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात.

नेमका या मधल्या काळात नैराश्याचा आजार उघड होतो. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला. तो 2002 साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के बायकांमध्ये नैराश्य आढळलं. त्यांतल्या तीन चतुर्थांशाहून अधिक जणींच्या मनाची घालमेल गरोदरपणातच सुरू झाली होती आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झाल्या नव्हत्या. घरातली ओढगस्त, नवऱ्याची मारहाण, मुलगा हवा असताना झालेली मुलगी या गोष्टी त्यामागे होत्या. म्हणजे हे नुसतं ‘तिचं मन हळवं’ नव्हे.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं पुष्कळ जणींना होतं. विश्रांती आणि आधार मिळाला की ते पंधरवड्यात ओसरतं. पंधरवडा उलटूनही मन उदास राहिलं, कशात गोडी वाटेना, ‘मी आई म्हणून नालायक’ असं ती म्हणू लागली, तर ते नैराश्य समजावं. काही जणींना उदासीपेक्षा धास्ती जास्त असते. बाळ शांत झोपलेलं असतं, तरी ही दर थोड्या वेळाने उठून त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहते. बाळ झोपलं तरी आईला झोप येत नाही, ही खूण घरच्यांनी लक्षात ठेवावी. आणि ती भ्रमात बोलू लागली, कानात आवाज येतात म्हणाली, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचं बोलली, तर तिला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हा प्रकार हजारात एकदोघींनाच होतो, पण त्यात वेळ दवडून चालत नाही. भगताला विचारायचं असेल त्यांनी खुशाल विचारावं. गाडी मात्र आधी दवाखान्याकडे वळवावी.

उपाय आहेत. खानवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे. वीसेक किलोमीटरवर सेलवासचं विनोबा भावे रुग्णालय आहे. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. अंगावर पाजत असतानाही चालणारी औषधं आहेत. ती डॉक्टरांनीच ठरवायची आणि आपल्या मनाने बंद करायची नाहीत. गोव्यातच पुढे गावातल्या साध्या बायकांना शिकवून ‘सखी’ म्हणून नैराश्य असलेल्या गरोदर मातांच्या घरी पाठवलं गेलं. पदवी नसलेल्या या सख्यांच्या सोबतीने बऱ्या होणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. फरक फार मोठा नव्हता, पण वाट सापडली.

आमचं म्हणणं एवढंच, की सव्वा महिन्याचा लाड सहा महिन्यांपर्यंत लांबवावा. त्याला डिंक-तूप लागत नाही. नवऱ्याने रात्रीची एक पाळी घेऊन तिला सलग चार-पाच तास झोपू द्यावं. आशाताईंनी बाळाचं वजन करताना आईला दोन प्रश्न विचारावेत: महिनाभरात मन खचल्यासारखं वाटलं का? आवडीच्या कामात गोडी उरली आहे का? उत्तर सासूसमोर येणार नाही, म्हणून विचारायचं ते तिला बाजूला घेऊन. पोट भरून वाढणाऱ्या सासूबाईंनीही एखाद्या दुपारी भांडी बाजूला ठेवून तिचं ऐकावं. आणि ‘आम्ही नाही का चार काढली?’ हे वाक्य यंदाच्या साफसफाईत बाहेर टाकावं.

भाऊबीजेला बहिणीकडे जाल तेव्हा ओवाळणी घालाच, पण भाच्याला किंवा भाचीला घेऊन तासभर अंगणात फिरा आणि ताईला झोपू द्या.



– संपादक