खेचराच्या पाठीवरचे आपले सामान

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून निघालेली वेगवान नौका दोन तासांच्या आत हिद्रा बेटाच्या धक्क्याला लागते, आणि खाली पाऊल ठेवणाऱ्या उतारूच्या दृष्टीस प्रथम पडतात ती ओळीने उभी असलेली, पाठीवर लाकडी खोगिरे आवळलेली खेचरे. कारण या बेटावर खाजगी मोटारींना मज्जाव आहे, आणि डोंगराच्या उतारावर पायरीपायरीने रचलेल्या त्या दगडी गावात सिमेंटच्या गोणीपासून प्रवाशाच्या पेटीपर्यंत जे काही वर चढते ते जनावराच्या पाठीवरून किंवा माणसाच्या हातगाडीवरूनच चढते. काही वर्षांपूर्वी जुलैच्या एका दुपारी आम्हा चौघांच्या चार भल्यामोठ्या पेट्या अशाच दोन खेचरांवर लादल्या गेल्या. त्यांच्या मागोमाग पायऱ्या चढताना, घामाने काळवंडलेल्या त्या पाठींकडे पाहत असताना, पेट्यांत आपण काय काय भरले आहे याची उजळणी माझ्या मनात आपोआप सुरू झाली: एकदाही अंगावर न चढलेले दोन कोट, इस्त्री, लहान प्रेशर कुकर, चार किलो तांदूळ, जोड्यांचे पाच जोड, आणि ‘असू द्या, लागेल’ या एका सबबीखाली घरून निघालेल्या कित्येक वस्तू. त्या क्षणी मला मनापासून लाज वाटली, आणि प्रवासाला निघताना काय न्यावे हा प्रश्न केवळ आपल्या सोयीचा नसून दुसऱ्याच्या श्रमाचाही आहे, हे माझ्या मनात तेव्हापासून पक्के झाले.

ग्रीसच्या सरकारलाही या प्रश्नात लक्ष घालावे लागले. सांतोरिनी बेटावर जुन्या बंदरापासून फिरा गावापर्यंत जवळजवळ सहाशे पायऱ्या आहेत. तेथे गाढवांवर बसून वर जाणाऱ्या प्रवाशांविषयी पुष्कळ तक्रारी झाल्यानंतर २०१८ साली असा नियम झाला की, जनावरावर १०० किलोपेक्षा, किंवा त्याच्या स्वतःच्या वजनाच्या एकपंचमांशापेक्षा, अधिक भार घालू नये. नियम झाला हे उत्तमच झाले. परंतु नियमाचा अंमल धक्क्यावर होतो आणि पेटी भरली जाते ती पुण्यात, नागपुरात, डोंबिवलीत, म्हणून खरा बंदोबस्त घरीच व्हावयास हवा.

आपल्याकडून या बाजूला जाणाऱ्या मंडळींची संख्या आता लक्षणीय झाली आहे, आणि त्यांच्या तयारीचा शिरस्ता मी जवळून पाहतो. युरोप म्हणजे थंडी, हे समीकरण आपल्या मनात लंडन आणि स्वित्झर्लंडच्या वर्णनांनी इतके दृढ केले आहे की, जुलै महिन्यात अथेन्सला निघालेली माणसेही लोकरीचे कपडे बरोबर घेतात. वास्तविक १९७७ सालच्या जुलैत अथेन्सच्या परिसरात पारा ४८ अंशांवर गेला होता, आणि अलीकडे २०२३ च्या जुलैत व २०२४ च्या जूनमध्ये उष्म्यामुळे अॅक्रोपोलिसचे दरवाजे भर दुपारी काही तास बंद ठेवावे लागले होते. मात्र हे ऊन मुंबईच्या उन्हासारखे नाही. मुंबईत घाम अंगावर निथळतो आणि आपण तापलो आहोत हे शरीर आपल्याला सांगते. तेथील कोरड्या हवेत घाम येताक्षणीच सुकतो, तहान उशिरा लागते, आणि डोके दुखू लागेपर्यंत माणूस गाफील राहतो. त्यातच जूनअखेरचा दिवस जवळजवळ पंधरा तासांचा असून सूर्य मावळावयास रात्रीचे पावणेनऊ होतात. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये ईजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा उठतो, जो आकाश निरभ्र ठेवतो, कधी कधी बोटींच्या फेऱ्या रद्द करावयास लावतो आणि डोक्यावरची टोपी हां हां म्हणता समुद्रात नेऊन टाकतो. तेव्हा हनुवटीखाली बांधता येईल अशी रुंद काठाची टोपी, सैल सुती कपड्यांचे तीन-चार जोड आणि एक सुती उपरणे एवढ्यावर माझ्या मते उन्हाळ्याचा सारा पोशाख भागतो; पोहावयाचे असेल त्याने त्याचा पोशाख तेवढा अधिक घ्यावा. कपडे रात्री धुऊन वाळत घातले तर त्या कोरड्या वाऱ्यात सकाळपर्यंत खडखडीत वाळतात. उपरण्याविषयी माझा विशेष आग्रह आहे, कारण मेतेओराच्या मठांत किंवा एखाद्या जुन्या प्रार्थनामंदिरात शिरताना खांदे झाकण्यास, बोटीच्या डेकवर संध्याकाळी अंगाभोवती लपेटण्यास आणि दुपारी मानेवरचे ऊन अडविण्यास तेच एक वस्त्र पुरेसे होते.

सुती कापडाचा उल्लेख करताना मला आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर गाव आठवल्याशिवाय राहत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गाच्या वर्णनात तगर नावाच्या नगराची नोंद आहे, आणि विद्वानांनी ते नगर म्हणजेच तेर असे ओळखले आहे. या तगरातून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, जेथे धड रस्ता नाही अशा मुलखातून भडोच बंदरावर जात असे, आणि भडोचचा सुती माल तांबड्या समुद्राच्या वाटेने मिसरमार्गे भूमध्य सागराच्या काठी पोहोचत असे. ज्या किनाऱ्यांनी आपले कापड दोन हजार वर्षांपूर्वी मागवून घेतले, त्याच किनाऱ्यांवर आपण आज कृत्रिम धाग्याचे, अंगाला चिकटणारे कपडे घालून घामेजत फिरावे, याचे मला दुःख होते.

पादत्राणांविषयी थोडक्यात सांगतो. अॅक्रोपोलिसवरचा संगमरवर असंख्य पावलांनी घासून गुळगुळीत झाला आहे आणि त्यावरून गुळगुळीत तळव्याची चप्पल सरकते. म्हणून तळाला चांगली पकड असलेला, आधी महिनाभर पायात घालून मऊ केलेला एकच जोड न्यावा, आणि समुद्राकाठच्या गोट्यांसाठी एक साधी रबरी चप्पल. अॅक्रोपोलिसवर मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत, हेही ध्यानी ठेवावे. पाण्याच्या बाबतीत आपल्या आजोबांच्या पिढीची तजवीज मला आजही आदर्श वाटते: फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या घेतल्यावाचून तेव्हा कोणी गाव सोडीत नसे. अथेन्सच्या नळाचे पाणी पिण्याजोगे आहे, तेव्हा धातूची एक बाटली बरोबर असली की शहरात तरी प्लास्टिकची बाटली विकत घेण्याचे कारण उरत नाही; पुष्कळ बेटांवर मात्र गोड्या पाण्याची चणचण असते आणि तेथे पिण्याचे पाणी विकतच घ्यावे लागते.

आता शिदोरी. आपल्या पेट्यांचे वजन वाढते ते मुख्यतः उपाशी राहण्याच्या भीतीने, आणि शाकाहारी कुटुंबांत ही भीती अधिक असते. तिचा आदर राखूनही मला सांगावेसे वाटते की, ग्रीसच्या बाबतीत ती निराधार आहे. तेथील सनातनी ख्रिस्ती पंथाच्या पंचांगात उपवासाचे दिवस वर्षाकाठी दीडशेच्या वर भरतात, आणि त्या दिवसांत मांस, अंडी आणि दूध वर्ज्य असल्यामुळे केवळ धान्य, कडधान्य व भाज्यांवर उभी राहिलेली एक समृद्ध पाककला त्या देशात शतकानुशतके नांदत आली आहे. खानावळीत ‘निस्तीसिमा’ एवढा एक शब्द उच्चारावा, म्हणजे अशा पदार्थांची चौकशी आपण करीत आहोत हे वाढप्याला कळते. सांतोरिनीचा ‘फावा’ तर आपल्या लाखेच्या डाळीच्या गोतातल्या दाण्यांचा असतो; पिवळाधमक, घट्ट वरणासारखा, वर ऑलिव्हचे तेल आणि चिरलेला कांदा. तो पुढ्यात आल्यावर कुकरची आठवण कोणाला होईल असे मला वाटत नाही.

शिवाय युरोपीय संघाचे कायदे या बाबतीत कडक आहेत. बाहेरच्या देशांतून प्रवाशाने मांस किंवा दुग्धजन्य पदार्थ आणण्यास तेथे मनाई आहे, तेव्हा खव्याचे पेढे, तूप आणि पनीर घरीच ठेवावे. ताज्या फळांपैकी केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन ही पाचच फळे आरोग्यदाखल्यावाचून नेता येतात. आंबा त्यांत नाही. फळमाशीच्या कारणावरून २०१४ च्या मे महिन्यात भारतीय आंब्याला युरोपने दार बंद केले होते आणि पुढील वर्षाच्या आरंभी ते उघडले, हे कोकणातल्या बागाइतदारांना चांगले स्मरत असेल. परदेशी असलेल्या लेकीसाठी हापूसची पेटी नेण्याची आईची इच्छा मला पूर्णपणे समजते, पण ती पेटी जकात नाक्यावर जप्त होताना पाहणे तिच्या वाट्याला येऊ नये.

दस्तऐवजांत काटकसर करू नये, एवढे मात्र बजावतो: शेंगेन परवान्यासाठी लागणारा किमान ३०,००० युरोंचा विमा, पारपत्राच्या दोन प्रती, आणि नेहमीच्या औषधांसोबत औषधांची मूळ नावे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी ही सारी हातातल्या पिशवीतच असावीत.

हे सारे मिळून एका माणसाचे सामान आठ किलोंच्या पुढे जाण्याचे कारण नाही. आपल्या कुटुंबांतून पेटी भरते ती बहुधा घरातली स्त्री, आणि परक्या गावात ती ओढते कोणी तरी तिसरेच: थकलेले वडील, तरुण मुलगा, मजूर किंवा मुके जनावर. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपली पेटी स्वतः भरावी, स्वतः उचलावी आणि घराच्या जिन्याने तीन मजले वर नेऊन पाहावी. मध्येच खाली ठेवावी लागली, तर तेथेच उघडून ती हलकी करावी. हिद्राच्या पायऱ्या त्या जिन्याहून पुष्कळ अधिक आहेत.