अर्ध्या वाटेवरून परत आलेलं पोर

आषाढ लागला की आमच्या मुरगुडातल्या पोरांच्या पायाला भिंगरी लागते. कारखान्यातला, दुकानातला, गवंड्याच्या हाताखालचा, कॉलेजातला, सगळे एका जागी जमतात आणि येत्या सुट्टीला कुठे जायचे याची बैठक बसते. कुणी पन्हाळा ते पावनखिंड म्हणतो, कुणी भुदरगड, कुणी रांगणा. हल्ली मुलीही ‘आम्हीपण येणार’ म्हणतात, ही चांगलीच गोष्ट आहे. घरी मात्र आईचा जीव खालीवर होतो. मागे एका माउलीने मला विचारलेच, ‘‘पोराला डोंगरावर पाठवू का नको? नको म्हटलं तर ऐकत नाही, जा म्हटलं तर माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही.’’

बंधू-भगिनींनो, त्या माउलीसाठी आणि तिच्या पोरासाठी आजचा हा लेख.

पहिले उत्तर सरळ आहे. पोराला जाऊ द्या. डोंगर चढायला देणगी लागत नाही, वशिला लागत नाही. चार पोरे एकत्र चालली की एकमेकांचे ओझे उचलायला शिकतात. पण त्याला पाठवताना भाकरीबरोबर आणखी एक गोष्ट बांधून द्या. ती कोणती, ते शेवटी सांगतो.

पाऊस तिकडे, पूर इकडे

आपण वेदगंगेच्या काठची माणसे. ही नदी भुदरगड तालुक्याच्या पश्चिमेच्या डोंगरातून येते. पाटगावला तिच्यावर धरण आहे. आपल्या गावात ऊन पडलेले असते, अंगणात कपडे वाळत असतात आणि तरी कुरणीचा बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी येते. कारण पाऊस इथे पडलेलाच नसतो, तो वर पडलेला असतो. लहानपणापासून पाहिलेली ही गोष्ट डोंगरात गेल्यावर मात्र आपण विसरतो.

असे का होते? समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. म्हणून गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून साठ किलोमीटरच्या आत असलेल्या कोल्हापूर शहरात साधारण एक हजार. मुरगुडातले आभाळ पाहून रांगण्याचा अंदाज बांधणे म्हणजे शेजाऱ्याच्या चुलीवरून आपल्या घरची भाकरी भाजली का ते सांगण्यासारखे आहे. उंचीबरोबर थंडीही वाढते. दर हजार मीटरला साधारण सहा अंश उष्णता कमी होते. त्यात कपडे ओले आणि वारा सुटलेला असला की भर पावसाळ्यातही अंगातली ऊब निघून जाते.

आमचीच चूक

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या आळीतले आम्ही सातजण रांगण्याला निघालो. मुदाळ तिट्टा, गारगोटी, कडगाव, पाटगाव असा रस्ता. वडाप ठरवले होते, प्रत्येकी चारशे रुपये पडले. दोघांनी कामावर खाडा केला होता. गडाच्या वाटेवर एक ओढा लागला, पाणी घोट्याएवढे. तिथे एक म्हातारे गृहस्थ म्हसरे राखत होते, डोक्यावर पोत्याची खोळ. ते म्हणाले, ‘‘पोरानू, पाणी गढूळ व्हाय लागलंय. वर पाऊस लागला असंल. आज माघारी जावा.’’

आमच्यातला एकजण म्हणाला, ‘‘मामा, चारशे-चारशे रुपयं घालून आलोय. पटकन जाऊन येतो.’’

आम्ही हसलो आणि पुढे गेलो. गडावर धुके इतके की दहा पावलांवरचा माणूस दिसेना. पाहायचे काहीच नव्हते. दुपारी दोनला परत ओढ्यावर आलो तर सकाळचे घोटाभर पाणी कमरेच्या वर गेलेले. त्यातून झाडाच्या फांद्या वाहत होत्या. एकजण म्हणाला, हाताला हात धरून साखळी करू. एवढ्यात पलीकडच्या काठावरून तेच मामा ओरडले, ‘‘हितंच बसा! पाण्यात उतरायचं न्हाई!’’

आम्ही बसलो. पाच तास बसलो. आमच्यात एक सोळा वर्षांचा मुलगा होता. तो आधी कुडकुडत होता. नंतर त्याचे बोलणे अडखळायला लागले, विचारलेल्याला भलतेच उत्तर देऊ लागला. एकाच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कोरडा शर्ट निघाला. तो त्याला घातला, घोंगडे पांघरले, दोघांनी त्याला मधे घेतले, गूळ खायला दिला. हळूहळू त्याची शुद्ध जागेवर आली. अंधार पडता पडता वरचा पाऊस थांबला, पाणी उतरले. मामा घरचा दोर घेऊन आले आणि आम्हाला एकेक करून पलीकडे काढले. मुरगुडात पोहोचलो तेव्हा मध्यरात्र झाली होती आणि स्टँडवर आमच्या आया उभ्या होत्या.

पावसाला दोष देता येणार नाही. मामांनी सकाळीच सांगितले होते. आम्हाला पुढे ओढत नेले ते चारशे रुपयांनी आणि बुडालेल्या हजेरीने. आपल्यासारख्या कष्टकऱ्यांच्या पोरांचा खरा धोका इथे आहे. ज्याच्याकडे पैसा आणि सुट्ट्या आहेत तो म्हणतो, पुढच्या रविवारी येऊ. आपल्या पोराला ठाऊक असते की पुढचा रविवार लवकर येणार नाही. म्हणून तो ओढ्यात पाय घालतो.

एव्हरेस्टवरचा टपाल कर्मचारी

हा मोह साऱ्या जगात सारखाच आहे. अमेरिकेत डग हॅन्सन नावाचा एक टपाल कर्मचारी होता. एव्हरेस्ट चढण्यासाठी तो रात्रपाळी करी आणि दिवसा बांधकामावर जाई. एका प्राथमिक शाळेच्या मुलांनी टी-शर्ट विकून त्याला पैशाची मदत केली होती. १९९५ साली शिखर अगदी जवळ असताना उशीर झाला म्हणून त्याचा वाटाड्या रॉब हॉल याने त्याला माघारी वळवले. १९९६ साली तो पुन्हा गेला. दुपारी दोनच्या सुमारास जिथे असाल तिथून मागे फिरायचे, असे आधी बोलणे झालेले होते. पण १० मे रोजी हॅन्सन शिखरावर पोहोचला तेव्हा चार वाजून गेले होते. हॉल त्याच्यासाठी थांबला होता. मग वादळ आले. हॅन्सनही गेला आणि हॉलही गेला. त्या एका वादळात एव्हरेस्टवर आठजणांचा जीव गेला. हॉलसारख्या कसलेल्या माणसाला वेळ कळत नव्हती असे नाही. पण गेल्या वर्षी रिकाम्या हाताने परतलेल्या कष्टाच्या माणसाला पुन्हा ‘फीर’ कसे म्हणायचे?

आता आपल्या कोल्हापूरची गोष्ट. कस्तुरी सावेकर ही कोल्हापूरची मुलगी २०२१ साली एव्हरेस्टवर गेली होती. त्या मे महिन्यात अरबी समुद्रात ‘तौक्ते’ आणि पाठोपाठ बंगालच्या उपसागरात ‘यास’ अशी दोन चक्रीवादळे उठली. हिमालयातले हवामान बिघडले आणि तिला शिखर न गाठता परतावे लागले. एवढी तयारी, एवढा खर्च, सगळ्या जिल्ह्याचे डोळे लागलेले आणि तरी ती फिरली. पुढच्या वर्षी पुन्हा गेली आणि १४ मे २०२२ रोजी तिने एव्हरेस्ट सर केले. पहिल्या वेळी फिरली म्हणूनच दुसरी वेळ आली.

‘महाराज नाही का गेले पावसात?’

पोरे हा प्रश्न हमखास विचारतात. बरोबर आहे. जुलै १६६० मध्ये, ऐन आषाढात, शिवाजी महाराज रात्री पन्हाळ्याहून निघाले आणि चिखल तुडवत विशाळगडाला गेले. त्यांच्या वेशात शिवा काशीद शत्रूच्या हाती गेले आणि त्यांनी प्राण दिले. बाजीप्रभू आणि त्यांच्या मावळ्यांनी घोडखिंड अडवली, तीच आजची पावनखिंड. पण पोरांनो, त्यांच्या पाठीवर सिद्दी जौहरची फौज होती. मागे फिरायला वाटच नव्हती. तुमच्या पाठीवर कोण आहे? तुम्हाला परतीची वाट मोकळी आहे. ती असताना न वापरणे याला शौर्य म्हणत नाहीत.

आपल्या परंपरेतही याचे उत्तर आहे. भगवान बुद्धांचे भिक्खू वर्षभर पायी फिरत. पण पावसाळ्यातही ते फिरू लागले तेव्हा लोकांनी तक्रार केली की कोवळे गवत आणि लहान जीव पायाखाली तुडवले जातात. तेव्हा बुद्धांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. तोच वर्षावास. चालणे हेच ज्यांचे जीवन त्यांनीही पावसापुढे थांबणे मान्य केले आणि त्यात कमीपणा मानला नाही. थांबणे हीसुद्धा शिस्तच आहे.

निघण्यापूर्वी एवढे करा

महागडे सामान नसले तरी चालते. पुढच्या गोष्टी मात्र कराच.

१. हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा पाहा. हिरवा, पिवळा, नारंगी, लाल असे चार रंग असतात. नारंगी किंवा लाल असेल तर घाटमाथ्याकडे जाऊच नका. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप मोबाइलमध्ये घ्या.

२. मागे फिरण्याची वेळ घरीच ठरवा आणि कागदावर लिहा. ‘दुपारी बारा वाजता जिथे असू तिथून परत.’ डोंगरावर गेल्यावर ठरवू म्हटले की तिथे शहाणपण ठरवत नाही, हौस ठरवते. बारा वाजले की चर्चा नको. सातातल्या एकानेही ‘फिरू या’ म्हटले तर सगळ्यांनी फिरायचे.

३. प्रत्येकाकडे एक कोरडा शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला हवा. शिवाय गूळ-शेंगदाणे, बॅटरी, शिट्टी, काठी. घोंगडे असेल तर उत्तम. कुणी बरळू लागला, अडखळू लागला तर ओले कपडे काढून कोरडे घाला, मधे घेऊन ऊब द्या, शुद्धीवर असेल तर गोड चहा द्या. दारू अजिबात नको, तिने अंगातली ऊब आणखी लवकर जाते.

४. ओढ्याचे पाणी गढूळ झाले, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, आवाज वाढला, की वर पाऊस झाला आहे असे समजा. गुडघ्याच्या वर वाहते पाणी असेल तर उतरू नका, बसून राहा. डोंगरातला ओढा जसा लवकर चढतो तसा पाऊस थांबल्यावर लवकर उतरतोही. धबधब्याखाली आणि धरणाच्या सांडव्यात तर उतरायचेच नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले. तेही सुट्टीला आलेले, घरचे सगळे मिळून.

५. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत आकडे मोजा. तीन आकड्यांना वीज साधारण एक किलोमीटरवर आहे. तीसच्या आत आवाज आला तर माथा, पठार, एकटे झाड, लोखंडी कठडा सोडून सखल जागी या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये, दुपारनंतर डोंगरमाथ्यावर राहूच नका.

६. घरी चिठ्ठी ठेवा. कुठे चाललो, कोण कोण आहे, वडापवाल्याचा नंबर, किती वाजता परत येणार. डोंगरात मोबाइलला रेंज नसते. ठरलेल्या वेळेनंतर दोन तास वाट पाहून घरच्यांनी ११२ ला फोन करावा.

७. गुराखी, वाडीतले लोक, घागर घेऊन चाललेली बाई जे सांगतील ते ऐका. त्या डोंगराची शाळा तेच शिकलेले आहेत.

आता घरच्यांसाठी

त्या सोळा वर्षांच्या मुलाची गोष्ट राहिली. दोन वर्षांनी तो मित्रांबरोबर पुन्हा त्याच वाटेने गेला. ओढ्याचे पाणी गढूळ दिसताच म्हणाला, मी इथूनच फिरतो. बाकीचे कुरकुरले, पण सगळेच परत आले. दुपारी तीनला तो घरी. आळीतले लोक हसले, ‘‘आला का रं शूर वीर?’’ वडील ओट्यावर बसले होते, म्हणाले, ‘‘भाडं पाण्यात घातलंस की.’’ तो मान खाली घालून उभा राहिला. त्याची आई आतून चहाचा कप घेऊन आली, त्याच्या हातात दिला आणि नवऱ्याला म्हणाली, ‘‘भाडं पाण्यात गेलं, पोरगं न्हाई गेलं.’’

वडील गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘बस. भाकरी खाऊन घे.’’

भाकरीबरोबर बांधून द्यायची गोष्ट ती हीच. पोर निघताना उंबऱ्यात त्याला सांगा, ‘‘अर्ध्यातून परत आलास तरी कोणी हसणार नाही, कोणी भाड्याचा हिशेब विचारणार नाही.’’ ओढ्याच्या काठावर उभ्या असलेल्या पोराच्या कानात पाण्यापेक्षा घरचाच आवाज मोठा असतो. तो आवाज ‘ये माघारी’ म्हणणारा असू द्या.

आणि पोर खरेच अर्ध्यातून परत आले, तर आधी चहा टाका.