मीटर कुणाच्या नावावर?



2022 च्या दिवाळीनंतर आमच्या सोसायटीच्या सभेत मी एक प्रस्ताव मांडला. जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप ज्या मीटरवर चालतात, त्या मीटरसाठी आपण हरित वीज घेऊ या. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 2021 च्या मार्चमध्ये तशी सोय करून दिली होती. नेहमीच्या दरावर युनिटमागे 66 पैसे जादा भरायचे, आणि कंपनीने तेवढी वीज सौर, पवन अशा अपारंपरिक स्रोतांतून आपल्या हिशेबात दाखवायची. आमचा सामायिक वापर महिन्याला साधारण 400 युनिट. म्हणजे 264 रुपये. सोळा घरांत वाटले तर घराला साडेसोळा रुपये. (हे आकडे तेव्हाचे. दर आयोगाच्या नव्या आदेशांनी बदलतो, आजचा दर कंपनीला विचारूनच घ्या.)

"म्हणजे आता वेगळी तार टाकणार का?" असं एका काकांनी विचारलं. सगळे हसले, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. तार तीच आणि त्यातून येणारी वीजही तीच, कोळशाची, पाण्याची, वाऱ्याची एकत्र मिसळलेली. मी गावाकडच्या दूध डेअरीचं उदाहरण दिलं. सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये ओततात, पण कुणाचं किती आलं आणि कुणी किती नेलं याची वही असते. आपण पैसे भरतो ते त्या वहीतल्या नोंदीसाठी. आपण मागितलेल्या युनिटांइतकी अपारंपरिक वीज घेतल्याचा दाखला कंपनीने द्यायचा असतो.

आता इथे एक गोम आहे आणि ती मी सभेतही लपवली नाही. वीज कंपन्यांना दरवर्षी आपल्या विजेचा ठरावीक हिस्सा अपारंपरिक स्रोतांतून घ्यावाच लागतो, तशी सक्ती आहे. आपण स्वखुशीने पैसे भरून घेतलेली वीज कंपनी त्या सक्तीच्या हिशेबातही धरू शकते. मग आपल्या 66 पैशांनी एखादा नवा सौर प्रकल्प उभा राहतो की कंपनीचं आधीचंच काम सोपं होतं? माझ्या मते दुसरी शक्यताच अधिक. तरीही मी हे पैसे भरते. मागणी कागदावर दिसली नाही तर 'लोकांना नकोच आहे' असं म्हणायला सगळे मोकळे असतात. ही युक्ती आपल्याला नवी नाही. 'बायकांकडून तक्रारच येत नाही' हे वाक्य आपण किती कचेऱ्यांत ऐकलंय!

मला हे एवढं का लागतं, तर माझी मावशी विदर्भात एका औष्णिक केंद्राजवळ राहते. तिच्या अंगणात पापड वाळत घालता येत नाहीत. धुतलेल्या चादरीवर हात फिरवला की बोटांना राख लागते. घर दोनदा झाडायचं, पाणी गाळून घ्यायचं, नातवाच्या खोकल्यासाठी रात्री जागायचं, ही सगळी मेहनत विजेच्या कुठल्याही दरपत्रकात नाही. 2022 च्या जुलैत कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचा गाळ शेतांत नि नाल्यांत शिरला. बातमीत नुकसानीचे आकडे आले. ती राख घराघरांतून कुणी उपसली असेल ते सांगायला बातमीदार लागत नाही.

म्हणून हिरवं ते सगळं पवित्र, असंही मी मानत नाही. मुंबईच्या गिरण्यांना लागणाऱ्या विजेसाठी मुळशीत धरण होत होतं, तेव्हा 1921 साली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. धूर न होणारीच वीज ती, पण जमीन गेली. आजही पवनचक्की आणि सौर पटलं उभी राहतात तिथल्या गायरानात कुणाच्या शेळ्या चरत होत्या, सरपण कोण आणत होतं, हे विचारायलाच हवं. जादा पैसे भरणारीला तर ते विचारायचा अधिकच हक्क आहे.

सोसायटीचा ठराव मंजूर झाला. अडलं ते माझ्या स्वतःच्या घरात.

घराच्या मीटरसाठीही अर्ज करावा म्हणून वीज कार्यालयात गेले. खिडकीवरच्या माणसाने बिल बघितलं आणि म्हणाला, "ग्राहकाची सही लागेल." ग्राहक म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. एकोणीस वर्षं हे बिल माझ्या पगारातून जातंय, पण मी त्या कागदावर कुठेच नाही. नाव बदलायचं तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती. वारस म्हणजे माझे यजमान आणि धाकटे दीर. दीर फोनवर म्हणाले, "वहिनी, आत्ताच कशाला? नाव चढवलं की उद्या घरही तुमचंच म्हणाल." विजेच्या बिलावर नाव असल्याने घराची मालकी मिळत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी सही आली नाही.

छपरावर सौर पटलं बसवायची सरकारी योजना 2024 च्या फेब्रुवारीत आली. दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे 30,000 रुपये आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान. चांगली योजना आहे. पण तिथेही आधी छप्पर लागतं, आणि मीटर. माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताई भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांचा मीटर मालकाचा, आणि मालक सांगेल तो दर. 'हिरवी वीज घेता का' हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. महिन्याला चाळीस युनिट जाळणाऱ्या बाईने हा जादा भार उचलावा असं मला वाटतही नाही. तो ज्यांच्या तीन खोल्यांत एसी आहेत त्यांनी आधी उचलावा, आणि स्वखुशीने नाही तर सक्तीने.

आपल्यासारख्या मधल्या घरांचं गणित मात्र जमण्यासारखं आहे. जुना पंखा 75 वॉट खातो, नव्या प्रकारचा 30 च्या आसपास. रोज बारा तास फिरला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. वापर शंभराच्या वर असेल तर वाचतात ती वरच्या, महाग टप्प्यातली. 66 पैशांनी 120 युनिटांचे होतात 79 रुपये 20 पैसे. त्या सोळा युनिटांत ते वसूल होऊन वर काही उरतं. आधी पंखा बदला, मग अर्ज करा.

आणि त्याआधी एक करा. घरातलं विजेचं बिल काढा आणि वरचं नाव वाचा. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला सगळ्याजणींनी आपापलं बिल घेऊन या. किती जणींचं नाव निघतं, ते मला कळवा. आमच्या गटात चौदा जणींपैकी दोघींचं निघालं, आणि त्यातली एक विधवा आहे.

दिरांना मी पुन्हा फोन करणार आहे. या वेळी यजमानांना शेजारी बसवून.