शस्त्राला कुंकू लावले. चापाची निगा कोण राखणार?

दि. २१ ऑगस्ट २०१९. बिहारच्या सुपौल जिल्ह्यात माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या पार्थिवावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होत होते. राज्याचे मुख्यमंत्री उपस्थित होते. मानवंदनेचा हुकूम झाला, पोलिसांच्या रायफली आकाशाकडे रोखल्या गेल्या, चाप ओढले गेले आणि एकाही रायफलीतून बार निघाला नाही. दोष रायफलींचा की जुन्या काडतुसांचा, यावर नंतर चौकशीची भाषा झाली. पण तो क्षण साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला होता.

आता दुसरा प्रसंग. डिसेंबर २०२३. उत्तर प्रदेशातील अलीगढच्या एका पोलीस ठाण्यात एक महिला पारपत्राच्या पडताळणीसाठी आली होती. ती समोर उभी असतानाच एका कर्मचाऱ्याने फौजदाराच्या हाती पिस्तूल दिले. फौजदाराने ते हाताळले मात्र, गोळी सुटली आणि त्या महिलेच्या डोक्यात शिरली. काही दिवसांनी तिचे निधन झाले. न्यायाच्या दाराशी आलेल्या नागरिकाला न्यायरक्षकाच्याच शस्त्राने मारले, तेही कोणाच्याही मनात मारण्याची इच्छा नसताना!

पहिल्या प्रसंगात जे सुटायला हवे होते ते सुटले नाही. दुसऱ्या प्रसंगात जे सुटायला नको होते ते सुटले. वरवर पाहता परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही घटनांच्या मुळाशी एकच रोग आहे. आपल्या देशात शस्त्र खरेदी केले जाते, मिरवले जाते, पूजले जाते. पण ते उघडले जात नाही, पुसले जात नाही, समजून घेतले जात नाही. हा रोग कोणत्याही एका पक्षाच्या सरकारचा नाही. तो आपल्या साऱ्या व्यवस्थेच्या हाडीमासी खिळला आहे, म्हणूनच त्यावर परखडपणे बोलणे आवश्यक आहे.

चापाची दोन वचने

अर्धस्वयंचलित पिस्तुलाची रचना वाचकांनी एकदा समजून घ्यावी. स्लाइड मागे जाऊन पुढे येते तेव्हा घोडा मागे दबतो आणि मॅगझिनमधील काडतूस नळीच्या मागच्या टोकाशी, म्हणजे चेंबरमध्ये, बसते. दबलेल्या घोड्याला अडवून धरणारी एक चिमुकली खिट्टी असते. तिला ‘सीअर’ म्हणतात. चाप ओढला की खिट्टी सरकते, घोडा सुटतो, पिनवर आदळतो आणि पिन काडतुसाच्या बुडावर टोला देते. गोळी गेल्यावर त्याच धक्क्याने रिकामे टोपण बाहेर फेकले जाते, पुढचे काडतूस आत येते आणि चाप सोडून पुन्हा ओढेपर्यंत यंत्र थांबून राहते.

हा सारा डोलारा दोन पोलादी कडांच्या मिलीमीटरच्या अंशाएवढ्या टेकणीवर उभा असतो. चाप शस्त्रधारकाला दोन वचने देतो : तू मागशील तेव्हा मी सुटेन, आणि तू मागत नाहीस तोवर मी सुटणार नाही. शस्त्राची निगा म्हणजे या दोन्ही वचनांची निगा होय. सुपौलला पहिले वचन मोडले, अलीगढला दुसरे.

निगा म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. प्रथम मॅगझिन काढणे, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहणे आणि बोटाने चाचपणे, बोट चापापासून दूर ठेवणे, नळी निर्धोक दिशेला रोखणे. हा क्रम उलटला, म्हणजे आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढले, की एक काडतूस आत राहते आणि ‘रिकामे’ पिस्तूल माणूस मारते. आज जगभरच्या पोलिसांत रूढ असलेल्या ऑस्ट्रियाच्या ग्लॉक पिस्तुलाचे तर वैशिष्ट्यच असे, की ते सफाईसाठी उघडण्यापूर्वी चाप ओढावा लागतो. ज्याने चेंबर पाहिले नाही, त्याच्या हातून सफाईच्या मेजावरच अपघात घडू शकतो. एवढी साधी शिस्त अंगवळणी पाडायला कोट्यवधींचा निधी लागत नाही. रोज अर्धा तास आणि एक जाणता शिक्षक लागतो.

मग नळीतील दारूची काजळी काढणे, स्लाइडच्या खाचा पुसणे, तेलाचे मोजके थेंब देणे. इथेही अज्ञान केवढे! अधिक तेल म्हणजे अधिक निगा, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः जादा तेलात धूळ मिसळली की तिचा लगदा होतो आणि चाप जड, चिकट होतो. कातडी म्यान दिसायला रुबाबदार; पण ते ओल धरते. कोकणच्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात पिस्तूल महिनोन्‌महिने त्यात ठेवले, की गंज चढणारच. कमरेला शस्त्र लटकवणाऱ्या किती जणांना हे कोणी शिकवले असेल?

चाप ‘मऊ’ करणारे महाभाग

दुर्लक्षाच्या जोडीला एक उतावळेपणाही आहे. परवानाधारक शौकिनांत चाप ‘मऊ’ करून घेण्याचे वेड असते. चाप जड वाटतो, निशाणा हलतो, म्हणून कोणी कानशीवाला गाठून आतले भाग घासून घेतले जातात. या मंडळींना हे ठाऊक नसते की, सीअरसारख्या भागांना अनेकदा केवळ वरच्या पातळ थराची कठीणता दिलेली असते. तो थर घासला गेला की खालचे मऊ पोलाद उघडे पडते. आठ दिवस चाप लोण्यासारखा चालतो, मग कडा झिजतात. आणि एके दिवशी पिस्तूल हातातून निसटून जमिनीवर पडताच आपसूक सुटते, किंवा एकदा चाप ओढला असता दोन गोळ्या जातात. १९३५ साली बाजारात आलेल्या ब्राउनिंग हाय-पॉवर या विख्यात पिस्तुलात मॅगझिन काढले असता चाप निकामी करणारी एक सुरक्षा-कळ होती. ती मॅगझिनवर घासते, त्यामुळे चाप जड लागतो. म्हणून ती काढून टाकण्याची टूम जगभर निघाली. हलक्या चापासाठी प्राणरक्षक कळच फेकून द्यायची, हा कुठला शहाणपणा?

आणि हे केवळ मूर्खपणाचे नाही, बेकायदाही आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात फेरफार करण्याचा व्यवसाय परवान्याविना करता येत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याला शस्त्र-सुरक्षेचे प्रशिक्षणही सांगितले आहे. कायदा आहे, त्याची चाड आहे का, हा प्रश्न आहे.

उलट टोकाची चूक अमेरिकेत न्यूयॉर्कच्या पोलिसांनी करून दाखवली. रिव्हॉल्व्हर जाऊन पिस्तुले आली, तेव्हा अनवधानाने गोळी सुटू नये म्हणून तिथे चाप मुद्दाम १२ पौंड, म्हणजे सुमारे साडेपाच किलो, ओढीचा करण्यात आला. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट इमारतीसमोर एका खुन्यावर पोलिसांनी १६ गोळ्या झाडल्या. त्यात वाटेवरचे नऊ निरपराध नागरिक जखमी झाले. एवढा जड चाप ओढताना नळी हलते, ही टीका त्यानंतर तीव्र झाली. बोध स्पष्ट आहे. शिक्षणाची उणीव स्प्रिंग जड करून भरून निघत नाही, आणि सरावाची उणीव कानस मारून भरून निघत नाही. चापाचा खरा गुळगुळीतपणा स्वच्छता, योग्य वंगण, वेळेवर बदललेली स्प्रिंग आणि कसलेले बोट यांतून येतो. त्याउपर काही करायचे असेल, तर ते निष्णात आर्मररने, मापे घेऊन, मूळ भाग वापरून करायचे काम आहे.

याचे प्रत्यंतर आपल्या नेमबाजांनी दिले आहे. २५ मीटर पिस्तूल प्रकारात चापाची ओढ किमान १ हजार ग्रॅम हवी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि ती वजन लावून तपासली जाते. त्याच एक किलोच्या चापावर कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक खेचून आणले. उलटपक्षी, २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकरचे पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडले, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. तीच मनू २०२४ मध्ये पॅरिसहून दोन कांस्यपदके घेऊन परतली. ऑलिंपिकमध्ये शस्त्र बिघडले तर पदक जाते. पोलीस ठाण्यात किंवा रेल्वे स्थानकावर बिघडले तर प्राण जातात.

परंपरा काय सांगते?

शस्त्र म्हटले की नाक मुरडणारा एक बुद्धिजीवी वर्ग आपल्याकडे आहे. खंडेनवमीचे शस्त्रपूजन त्याला हिंसेचे उदात्तीकरण वाटते. त्याला आम्ही एवढेच सांगू, की निगा न राखलेले शस्त्र हेच सर्वांत हिंसक शस्त्र होय. ते शत्रू आणि निरपराध यांत भेद करीत नाही. पण पूजन करणाऱ्यांनाही चार शब्द ऐकवलेच पाहिजेत. पावसाळा सरल्यावर शस्त्रे बाहेर काढायची, गंज उतरवायचा, धार लावायची आणि मग सीमोल्लंघनास निघायचे, हा या सणाचा व्यवहार होता. निगा हेच पूजन होते. फुले आणि कुंकू ही त्यावरची मोहोर होती. आज मोहोर उरली आणि दस्तऐवज हरवला!

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ उघडून पाहावे. गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू नि बाण ठरावीक दिवसांनी बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे, अशा बारीकसारीक सूचना त्यात आहेत. स्वराज्याचा अमात्य दारूला ऊन देण्याची काळजी वाहतो आणि स्वतंत्र भारतात मानवंदनेची काडतुसे दगा देतात, हा विरोधाभास कोणाला टोचत नाही काय?

हे कौशल्य आपल्याकडे नव्हते असेही नाही. शस्त्रे घासून लखलखीत करणारा शिकलगार महाराष्ट्राच्या गावगाड्यात होता. अठराव्या शतकात मीर कासिमने मुंगेरला बंदुकांचा कारखाना काढला, तिथल्या कारागिरांची ख्याती दूरवर होती. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीने शस्त्रकायदा आणून सारा समाज निःशस्त्र केला, आणि शस्त्राबरोबर शस्त्राचा जाणकारही उपाशी मेला. स्वातंत्र्यानंतर त्या हातांना सन्मानाने शासकीय शस्त्रागारांत आणता आले असते. आपण ते केले नाही. परिणामी मुंगेरचे कसबी हात आज गावठी कट्ट्यांच्या बातम्यांत दिसतात. ज्याला आर्मरर व्हायचे होते त्याला आरोपी करण्याचे हे पाप धोरणशून्यतेचे आहे.

खरेदीचा सोहळा, निगेचा दुष्काळ

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर लाठीच्या बळावर कसाबला मिठी मारली आणि छातीवर गोळ्या झेलल्या. राष्ट्राने त्यांना अशोकचक्र दिले. पण त्या हौतात्म्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले का? राम प्रधान समितीच्या अहवालात दारूगोळ्याअभावी पोलिसांचा गोळीबाराचा सराव थांबल्याची नोंद आहे. त्यानंतर ‘फोर्स वन’ उभे राहिले, विदेशी शस्त्रे आली, छायाचित्रे निघाली. नव्या शस्त्राच्या खरेदीला फीत कापायला मंत्री येतात. जुन्या पिस्तुलाची स्प्रिंग बदलली म्हणून कोणी फीत कापत नाही. निविदेत रस असणाऱ्यांना निगेत रस नसतो, कारण निगेत टक्केवारी नसते.

पुण्यातील एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने आणि लष्करातील लेफ्टनंट कर्नल प्रसाद बन्सोड यांनी मिळून ‘अस्मि’ हे स्वदेशी मशीन पिस्तूल विकसित केले, २०२४ मध्ये लष्कराने त्याची मागणीही नोंदवली. प्रत्येक भारतीयाची मान ताठ व्हावी अशी ही गोष्ट आहे. पण स्वदेशी शस्त्रालाही विदेशी शस्त्राइतकाच गंज चढतो. शस्त्र देशात घडवण्याचा अभिमान ते देशात सांभाळण्याच्या शिस्तीविना अपुरा आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पोलीस दलातील आर्मररचे पद म्हणजे अडगळीतील शिक्षा न राहता प्रशिक्षण, पदोन्नती आणि मान असलेली सेवा व्हावी. प्रत्येक शस्त्राची नोंदवही असावी. ते कधी उघडले, कधी पुसले, कोणती स्प्रिंग कधी बदलली, चापाची ओढ किती भरली, हे तीत लिहिलेले असावे. सरावाची काडतुसे ही चैन न मानता वेतनाइतकाच अटळ खर्च मानावी. ठाण्यात शस्त्र हाती देताना नि घेताना चेंबर दाखवण्याचा नियम मोडणाऱ्यास क्षमा नसावी. खासगी परवानाधारकाने वर्षातून एकदा अधिकृत आर्मररकडून तपासणी करून घेतल्याविना नूतनीकरण मिळू नये. आणि ज्या भागांत बंदुकीचे पिढीजात कारागीर आहेत, तिथे त्यांच्या मुलांसाठी आर्मरर प्रशिक्षणाची दारे उघडावीत.

येत्या खंडेनवमीला ज्यांच्या हाती अधिकार आहे, त्यांनी तबक पुढे करण्याआधी एक आज्ञा द्यावी : शस्त्र उघडा. नळीत काजळी आहे का पाहा, चेंबर रिकामे आहे का पाहा, चाप आपली दोन्ही वचने पाळतो का पाहा. मग खुशाल कुंकू लावा. तोपर्यंत ते पूजन देवीला पोहोचणार नाही.